चुकलेलं रीडिंग

बारा वर्षं मी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम केलं. गेल्या वर्षी बायकोला दुसऱ्या शहरात तिच्या मनासारखी नोकरी मिळाली. याआधी माझ्या बदल्यांपायी तिने स्वतःच्या दोन नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यामुळे या वेळी कोणी कोणाच्या मागे जायचं यावर आमच्यात पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. मी राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि आम्ही दोघं व सात वर्षांची मुलगी असे तिघं इकडे आलो.

महिनाभरात घर लावू, मुलीची शाळा सुरळीत झाली की त्याच प्रकारची नोकरी बघू, असा साधा हिशोब होता. तो जुळला नाही. पुढच्या दहा महिन्यांत काय काय झालं ते इथे लिहितोय. याच अवस्थेतून सध्या आणखी कोणी जात असेल म्हणून, आणि त्या दिवसांत हे कोणीतरी मला क्रमाने सांगायला हवं होतं असं फार वाटतं म्हणून.

पहिले दोन आठवडे खोकी उघडण्यात गेले. काम हाताला होतं तोवर सगळं ठीक होतं. शेवटचं खोकं रिकामं करून घडी घालून ठेवलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला घर गप्प व्हायचं. बायको गेलेली, मुलगी गेलेली. माझं शरीर अजून शिफ्टच्या घड्याळावर चालत होतं. नऊ वाजले की हात आपोआप खुंटीकडे जायचा, पांढरा कोट शोधायला. खुंटी इथली होती आणि तिच्यावर मुलीचा रेनकोट होता.

आणि तो प्रश्न. लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकापाशी, बँकेत पत्ता बदलायला गेलो तिथे: "तुम्ही काय करता?" जुन्या शहरात मला हा प्रश्न कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. तिथे सगळ्यांना माहीत होतं. इथे मी पहिल्यांदा "औषध कंपनीत होतो" असं म्हणालो आणि त्या "होतो"पाशी माझा आवाज उतरला. समोरच्या माणसाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र दिवसभर डोक्यात राहिलं.

अर्ज करायला लागलो. दुसऱ्या महिन्यात दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आणि दोन्ही वाईट गेल्या. एका रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "मला हे क्षेत्रच नकोय. बारा वर्षं झाली, पुरे झालं." बायकोने ऐकून घेतलं. वाद घातला नाही, होकारही दिला नाही.

त्यानंतर मी फोन करायला लागलो. जुने सहकारी, कॉलेजचे मित्र, मावसभाऊ. सगळ्यांना एकच विचारायचो: क्षेत्र बदलू का? कोणी म्हणालं, "वेडेपणा करू नकोस, एवढा अनुभव आहे," की मी पुढच्याला फोन लावायचो. कोणी म्हणालं, "सोड, आयुष्य एकच आहे," की दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पोटात गोळा. पुन्हा फोन.

असा सहावा की सातवा फोन ठेवला आणि मी एकदम थबकलो. हे मी काय करतोय? लॅबमध्ये याच गोष्टीला सक्त मनाई होती.

इथे थोडं आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. समजा, एखाद्या गोळीत औषधाचं प्रमाण ९५ ते १०५ टक्के असायला हवं आणि तुमचं रीडिंग ९३ आलं. आमच्या भाषेत त्याला 'ओओएस' म्हणतात, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल. नव्या माणसाची पहिली ऊर्मी असते की पुन्हा सँपल घ्यावं, पुन्हा करून बघावं. बरोबर आलं की तेच लिहावं. हे चालत नाही. हव्या त्या आकड्याची वाट बघत टेस्ट करत राहणं म्हणजे तपासणी नव्हेच. अमेरिकेत एका औषध कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९९३ साली न्यायालयाने याबद्दल खडसावलं होतं, आणि २००६ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा निकालांची चौकशी कशी करायची याची सविस्तर मार्गदर्शिका काढली. आमच्या क्षेत्रात आज तीच शिस्त पाळणं अपेक्षित असतं.

शिस्त अशी: रीडिंग चुकलं की हात जागच्या जागी थांबवायचे. द्रावण फेकायचं नाही, काचेची भांडी धुवायची नाहीत. आधी स्वतःकडे बघायचं. उपकरणाचं कॅलिब्रेशन झालेलं आहे का? स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा प्रमाणित नमुना, बरोबर वजन करून घेतलं होतं का? डायल्यूशनमध्ये चूक आहे का? आकडेमोड? हे सगळं तपासून लिहून काढायचं आणि मगच बॅचकडे, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या सगळ्या गोळ्यांकडे, बोट दाखवायचं. कारण एका चुकलेल्या रीडिंगपायी चांगली बॅच फेकली जाऊ शकते, आणि कारण न शोधता रीडिंग बाजूला सारलं तर वाईट बॅच बाजारात जाऊ शकते.

हे मी बारा वर्षं नव्या मुलांना शिकवलं होतं. आणि स्वतःच्या आयुष्यात रीडिंग चुकल्यावर थेट बॅच फेकायला निघालो होतो, तीही बारा वर्षांची.

फोन बंद केले. मुलीची एक कोरी दोनशेपानी वही घेतली. रोज रात्री त्यात एवढंच लिहायचं: आज काय बोचलं. आणि समोर तीन रकाने: शहरामुळे, कामामुळे, ठाऊक नाही. लॅबच्या लॉगबुकचेच नियम लावले. पान फाडायचं नाही. खाडाखोड करायची नाही. एखादी नोंद चुकली असं नंतर वाटलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख. स्वतःच्याच वहीत सही करताना पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं, पण सही केली. सही केली की माणूस जरा खरं लिहितो, हा माझा अनुभव आहे.

पहिला आठवडाभर जवळजवळ सगळ्या नोंदी 'कामामुळे' या रकान्यात पडल्या. मग हळूहळू रेघा यायला लागल्या.

त्यातली पहिली रेघ मला आठवते. नोंद होती: "मुलाखत वाईट गेली. सोप्या प्रश्नाला अडखळलो. या कामात आता मन नाही." आठवड्याने ती पुन्हा वाचली आणि तो दिवस नीट आठवून बघितला. त्या दिवशी मी चुकीच्या बाजूच्या बसमध्ये चढलो होतो. तीन थांबे गेल्यावर कळलं. उतरून उलटा आलो, मग अर्धा रस्ता धावत गेलो. पंचवीस मिनिटं उशिरा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, अशा अवस्थेत त्या खुर्चीत बसलो होतो. प्रश्न एचपीएलसीच्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) बेसलाइनचा, म्हणजे पडद्यावरच्या मूळ सरळ रेषेचा होता, झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन असा. अडखळलो ते काम नकोसं झालं म्हणून नव्हे. जुन्या शहरात मी कुठेही उशिरा पोचणारा माणूस नव्हतो, आणि त्या खुर्चीत मला मीच ओळखू येत नव्हतो. रेघ मारली आणि नोंद 'शहरामुळे'त हलवली.

मानसिक ताणाबद्दलच्या एका ट्रेनिंगमध्ये पूर्वी आम्हाला एक यादी दाखवली होती, ती त्या सुमारास शोधून पुन्हा वाचली. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली ती प्रसिद्ध केली. आयुष्यातल्या ४३ घटना आणि त्यांच्याशी जुळवून घ्यायला किती ताकद लागते त्याचे गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, तिथून खाली उतरत जाणारे आकडे. आर्थिक स्थितीतला बदल ३८, वेगळ्या प्रकारच्या कामाकडे वळणं ३६, राहणीमानातला बदल २५, घर बदलणं २०. असे आकडे सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत, हे उघड आहे. पण मला एक गोष्ट दिसली. यादीत या सगळ्या वेगवेगळ्या ओळी आहेत. माझ्याकडे त्या एकाच ट्रकमधून उतरल्या होत्या आणि मी सगळ्यांवर एकच लेबल लावलं होतं: करिअर.

सहा आठवड्यांनी मोजदाद केली. ६४ नोंदी. रेघा मारून हलवल्यानंतर 'कामामुळे'त उरल्या ११. 'ठाऊक नाही'मध्ये १९, आणि बाकी सगळ्या शहराच्या. त्या ११ पुन्हा पुन्हा वाचल्या. एकीतही रसायनशास्त्राबद्दल तक्रार नव्हती. होती ती रात्रपाळीनंतरच्या उजाड दुपारांबद्दल. महिनाअखेरीस बॅच सोडायची घाई चाललेली असताना मागे उभं राहून "सही झाली का?" विचारणाऱ्या माणसाबद्दल. आणि तीन नोंदी तर तक्रारी नव्हत्याच. मी नव्या मुलांना शिकवायचो ते आता नाही, याची रुखरुख होती. तिला मी 'बोचलं' म्हणून लिहिलं होतं.

नवीन शहरात पहिले तीन-चार महिने करिअरचा मोठा निर्णय घेऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे. ज्या घरात दुसरा पगार नाही तिथे हे म्हणता येत नाही, याची मला जाणीव आहे. आम्हाला ते परवडलं कारण बायको कमावत होती आणि थोडी शिल्लक होती. आम्ही दोघांनी बसून ती शिल्लक रुपयांत न मोजता महिन्यांत मोजली. नऊ महिने निघाले. वहीच्या मागच्या पानावर त्या नवव्या महिन्याची तारीख लिहून ठेवली. हा आकडा समोर असल्यामुळे रात्रीची झोप परत आली, हे मुद्दाम सांगतो. पैसे पुरतील का, ही भीती आकड्याशिवाय असते तेव्हा ती प्रत्येक विचारात शिरते.

आता शहर. एवढ्या नोंदी शहराच्या, तर शहराचं काहीतरी करायला हवं होतं. पण काय, ते मला मुलीने दाखवलं.

शाळेत त्यांना 'घर ते शाळा' असा नकाशा काढायला सांगितला होता. तिने काढलेला कागद अजून माझ्या वहीत आहे. त्यात एकाही रस्त्याचं नाव नाही. करकरणारं हिरवं फाटक आहे. खोड फुगलेलं झाड आहे, त्याच्या पोटात तिने दोन डोळे काढलेत. एक फरशी हलते ती जागा लाल खडूने रंगवलेली. पांढरा कुत्रा, आणि कुत्रा नसतो तेव्हा त्याची रिकामी जागा, दोन्ही वेगवेगळी काढलेली. मी तिला रोज त्याच रस्त्याने सोडायला जात होतो. यातलं एक फाटक सोडलं तर मला काही आठवेना.

कारण मी रस्ता बघतच नव्हतो, फोनवरचा निळा ठिपका बघत होतो. जपानमध्ये काही संशोधकांनी यावर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काही लोकांना जीपीएस देऊन चालायला लावलं, काहींना कागदी नकाशा दिला आणि काहींना आधी तो रस्ता प्रत्यक्ष चालून दाखवला. जीपीएसवाले इतरांपेक्षा जास्त अंतर चालले, जास्त वेळा थांबले, आणि नंतर रस्त्याचा नकाशा काढायला सांगितलं तेव्हा प्रत्यक्ष चालून रस्ता शिकलेल्यांपेक्षा त्यांना तो खराब जमला. वाचलं तेव्हा वाटलं, नोकरीच्या बाबतीतही मी हेच करतोय. कोणीतरी पुढचं वळण सांगावं म्हणून स्क्रीनकडे बघत उभा आहे.

मग ठरवलं, दिवसाला एक रस्ता, फोन खिशात. मुलीला शाळेत सोडलं की घरी वेगळ्या वाटेने यायचं. आठवड्यातून एकदा कुठलीही बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि येताना मधेच उतरून चालायचं. पहिल्या दहा-बारा दिवसांत कित्येकदा चुकलो. पण चुकण्याची भीती दोन आठवड्यांत गेली, कारण चुकलो तरी अर्ध्या तासात कुठेतरी ओळखीचं वळण सापडतं हे पायांना कळलं. तोपर्यंत हे शहर मला चार-पाच सुटे तुकडे म्हणून माहीत होतं: घर, शाळा, बँक, दवाखाना. एका दुपारी एका बोळातून बाहेर पडलो आणि समोर मुलीच्या शाळेची मागची भिंत. दोन तुकडे जोडले गेले. तो आनंद मला नेमका सांगता येणार नाही. लॅबमध्ये महिनाभर न सुटलेला प्रश्न सुटला की असं व्हायचं.

माणसांना मात्र वेळ लागला. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला किती तास लागतात ते मोजायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांनी नुकतीच जागा बदललेल्या लोकांनाही प्रश्न विचारले. ओळखीच्या माणसाचा सैलसर मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. वाचून मला धीर आला. मी दोन महिन्यांत एकाकी होतो त्यात माझ्या स्वभावाचा दोष नव्हता, तास भरले नव्हते.

खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका सकाळी फिरायला जातात. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. आठवड्यातले पाच दिवस, रोज चाळीस मिनिटं. पहिले कित्येक दिवस ते पुढे आणि मी अर्धं पाऊल मागे, बोलणं हवामानापुरतं. म्हणजे हिशोबाने ५० तास व्हायला साडेतीन महिने. चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी स्वतःच्या घराची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली. "आम्ही आठवडाभर मुलाकडे चाललोय. झाडांना पाणी घालशील ना रे?" किल्ली घेऊन घरी आलो आणि बायकोला दाखवली. तिला लगेच कळलं मी ती का दाखवतोय ते.

याच सुमारास नोकरीची एक ऑफर आली. तिसरी मुलाखत चांगली झाली होती. पद जुनंच, पगार जुन्यापेक्षा थोडा जास्त, आठवड्याआड रात्रपाळी. पत्र वाचलं आणि मला आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. आईला फोन केला नाही. ती रोज विचारायची, "लागली का रे नोकरी?" आणि हे पत्र हातात असूनही त्या दिवशी मी म्हणालो, "बघतोय."

रात्री बायकोने विचारलं, "तुला ती नकोय, की तू घाबरतोयस?"

मला उत्तर देता येईना. ती म्हणाली, "आज नको सांगूस. त्यांनी आठवडा दिलाय ना?"

तो आठवडा फार जड गेला. चालायला गेलो की वाटायचं, एवढं सगळं असताना नाही म्हणणारा मी कोण? घरातला एक पगार हा दोघांचा आधार असतो तेव्हा अशा पत्राला नाही म्हणणं हा एकट्याचा निर्णय राहत नाही. शेवटी वही उघडली आणि त्या ११ नोंदी तिला वाचून दाखवल्या. ऑफरमधली कामाची यादी शेजारी ठेवली. ११ पैकी ८ गोष्टी तिथे जशाच्या तशा होत्या. आणि शिकवण्याबद्दलच्या तीन रुखरुखींवर त्या पदात काहीच इलाज नव्हता. ती बराच वेळ यादी बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे तू घाबरत नाहीयेस." दुसऱ्या दिवशी मी त्यांना कळवलं. आणि आईलाही फोन करून खरं काय ते सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "विचार करून केलंयस ना? मग झालं." तिच्या आवाजात काळजी होती, पण ती मला सांगून मोकळी झाली आणि मीही.

मध्ये दोन महिने मी डेटा ॲनालिसिसचा एक कोर्स केला. सगळे म्हणत होते म्हणून केला. वाईट नव्हता, आलेख वाचायला मला आवडतं, पण दिवसभर फक्त पडद्यावरचे आकडे आणि ते कुठल्या द्रावणातून आले याचा पत्ता नाही, हे मला मानवेना. वहीत ती नोंद आहे, तिच्यावर रेघ नाही.

खरी वाट जिथून उघडली तिथे मी बघतच नव्हतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला होता. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून या नोकरीची माहिती मिळाली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा, असं म्हणणारे शंभरात जेमतेम सतरा निघाले. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं.

मी जवळच्या सगळ्यांना फोन करून झालो होतो. आता विचार केला, लांबचं कोण? आमच्या जुन्या लॅबमध्ये वर्षातून दोनदा एचपीएलसीच्या सर्व्हिसिंगला एक इंजिनियर यायचा. आमचं बोलणं पंपाच्या सीलपलीकडे कधी गेलं नव्हतं. तो मूळचा याच शहरातला, एवढं आठवत होतं. त्याला मेसेज केला. इथे आलोय, काम शोधतोय, शिकवण्याशी संबंधित काही असेल तर बरं, एवढंच लिहिलं. "काहीही चालेल" असं लिहिलं असतं तर त्याला काही सुचलं नसतं, असं आता वाटतं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, एका कॉलेजात मशीन पडून आहे. चालवणारे गेले, तेव्हापासून कव्हर घालून ठेवलंय. त्यांना माणूस हवाय. पण पगार कंपनीसारखा नाही हं."

बघायला गेलो. कव्हर काढलं तर पंपाच्या तोंडाशी पांढरी भुकटी साचलेली. बघताक्षणी कळलं, शेवटच्या माणसाने बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, तसंच आत ठेवून मशीन बंद केलं होतं. पाणी उडून गेलं आणि क्षार राहिले. अशा वेळी घाईने पंप सुरू केला की ते स्फटिक सील कापतात. मी कोमट पाणी मागितलं. आधी सगळा क्षार विरघळेपर्यंत पाणी, अगदी कमी फ्लोवर, मग हळूहळू मिथेनॉल. दोन सील बदलावी लागली, ती त्या इंजिनियरनेच आणून दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनच्या डिटेक्टरचा दिवा लावला. बेसलाइन आधी वर-खाली झुलत राहिली. मी स्टुलावर बसून बघत होतो. तासाभराने ती शांत झाली, पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. मागे बघितलं तर दारात पाच-सहा मुलं उभी होती. त्यांनी हे मशीन चालू असलेलं कधी बघितलंच नव्हतं.

सध्या मी तिथे आठवड्यातले चार दिवस प्रॅक्टिकल्स घेतो, तासांवर. उरलेल्या वेळात दोन छोट्या लॅबना त्यांच्या कामाच्या पद्धती लिहून देतो आणि त्यांच्या नव्या मुलांना तयार करतो. दोन्ही मिळून जुन्या पगाराच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त होतं. शिल्लक आता खाली जात नाही, वरही फारशी येत नाही. हे कायमचं काम आहे का, पुढे बी.एड. करावं लागेल का, की आणखी शिकून पूर्णवेळ अध्यापनात जाता येईल, हे 'ठाऊक नाही'च्या रकान्यात आहे. तो रकाना अजून चालू आहे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं टायट्रेशन होतं, म्हणजे ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबाथेंबाने द्रावण सोडत रंग बदलेपर्यंत मोजायचं. एका मुलीचं रीडिंग बाकी सगळ्यांपेक्षा दोन मिलीलिटरने जास्त आलं. तिने शेजारणीच्या वहीत डोकावून बघितलं, चेहरा उतरला आणि फ्लास्क घेऊन ती घाईघाईने सिंककडे निघाली. मी हाक मारली.

"सर, चुकलंय. ओतून पुन्हा घेते."

"ओतू नकोस. आण इकडे."

फ्लास्क टेबलावर ठेवला. द्रावण गडद गुलाबी होतं, एंड पॉइंट, म्हणजे थांबायची वेळ, बरीच मागे गेलेली. मी तिच्याकडे पेन सरकवलं आणि ब्युरेटकडे बोट दाखवलं. नळाखालच्या टोकात सुरुवातीला हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तो आता निघून गेलेला होता.

"सुरुवातीला इथे बुडबुडा होता का, आठव," मी म्हणालो. "आठवेल ते आधी लिही. मग बघू."

ती खुर्ची ओढून बसली आणि लिहायला लागली.